डॉ. आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन

दरवर्षी जून महिना आला की आमच्या शाळेतून उत्तीर्ण झालेली मुले-मुली महाविद्यालयात नाव घालावयास निघतात. कोणी चंद्रपुरातच राहतात, कोणी गडचिरोलीस जातात, कोणी नागपूर गाठतात आणि एखादा पुण्या-मुंबईपर्यंत मजल मारतो. त्यांपैकी कित्येक अहेरी, भामरागड, धानोरा, सिरोंचा ह्या बाजूंच्या रानातील गावांहून आलेली असतात, आणि त्यांच्या घरात त्यांच्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते. दिवाळीच्या सुट्टीत ही मुले शाळेत भेटावयास येतात तेव्हा अभ्यास कठीण जातो अशी तक्रार फारशी कानी येत नाही. मोठ्या वर्गात आपण परके वाटतो, आपल्या बोलीस कोणी हसते, जेवणाच्या वेळी कोणाशेजारी जाऊन बसावे हे समजत नाही, अशा गोष्टी ती हळू आवाजात सांगतात. त्यांच्या आईबापांनाही हाच घोर असतो. मूल शिकेल खरे, परंतु तेथे त्याला कोणी आपले म्हणेल काय?

हे परकेपण ज्यांनी आपणां सर्वांहून अधिक सोसले, आणि त्यावर विद्येच्या बळाने मात केली, अशा एका विद्यार्थ्याचे चरित्र मी आज वाचकांपुढे ठेवीत आहे. ते विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री ह्या नात्याने सर्व जग त्यांस ओळखते. मी मात्र त्यांच्या आयुष्याच्या त्या भागाविषयी लिहिणार आहे, ज्यात ते तुमच्यासारखे पुस्तके काखोटीस मारून शाळेत व महाविद्यालयात जात होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य हिंदुस्थानातील महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातील शाळेत शिक्षक होते. कबीरपंथी, सदाचरणी आणि विद्येची विलक्षण आवड असलेले गृहस्थ. रामजी व भीमाबाई ह्यांचे हे चौदावे अपत्य. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि आत्या मीराबाई हिने मुलांना सांभाळले. घरात माया होती, शिस्त होती, भजन-अभंग होते. उणे होते ते घराबाहेर; कारण ज्या महार जातीत हे कुटुंब जन्मले तिला त्या काळचा समाज अस्पृश्य मानीत असे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात त्यांचे नाव दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परंतु त्या शाळेत ह्या विद्यार्थ्याची बसण्याची जागा निराळी असे. इतर मुले आपापल्या जागी बसत. भीमरावांनी घरून गोणपाटाचा तुकडा आणावयाचा, कोपऱ्यात अंथरून त्यावर बसावयाचे आणि सायंकाळी तो परत न्यावयाचा. तहान लागली तर नळाला हात लावावयाची मुभा नव्हती. शाळेच्या शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळे. शिपाई जागेवर नसेल तर तहान तशीच राही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हे रोज सोसून गणित आणि व्याकरण शिकावयाचे होते. त्याने ते शिकून घेतले ह्याचे श्रेय त्याच्या बुद्धीइतकेच त्याच्या वडिलांच्या निश्चयास दिले पाहिजे.

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या एका चाळीतील खोलीत राहू लागले. त्या एका खोलीतच स्वयंपाक, तेथेच निजणे आणि तेथेच अभ्यास. मुलाला शांतता मिळावी म्हणून सुभेदार त्याला संध्याकाळी लौकर निजवीत आणि पहाटे दोन वाजता उठवून दिव्यापाशी बसवीत. भीमरावांचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले होते. तेथे एकदा शिक्षकांनी त्यांस फळ्यावर उदाहरण सोडविण्यासाठी बोलाविले, तेव्हा वर्गात एकच गलबला उडाला. कारण फळ्याच्या मागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते आणि भीमराव फळ्याजवळ पोचण्यापूर्वी ते हलविणे मुलांना अवश्य वाटले. संस्कृत शिकण्याची त्यांस फार इच्छा होती. परंतु ती भाषा त्यांना शिकविण्यास नकार मिळाल्यामुळे त्यांनी फारशी घेतली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केली.

सन १९०७ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या समाजात ही मोठी अपूर्वाई होती. लोकांनी सत्काराची सभा भरविली आणि तीत कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. हे केळुसकर गुरुजी केवळ पुस्तक देऊन थांबले नाहीत. ह्या होतकरू तरुणास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडे घेऊन जाऊन त्यांनी त्याला दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांस पुस्तके आणि कपडे दिले. उलट कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्यांस चहा किंवा पाणीही देत नसे. एकाच इमारतीत एक मनुष्य आपली पुस्तके विश्वासाने हाती देतो आणि दुसरा पाण्याचा पेला देण्यास कचरतो, असा तो काळ होता. सन १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी बडोदा संस्थानची नोकरी धरली, परंतु थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी रोजी, वडिलांचा अंत झाला. ज्या हाताने पहाटे दिवा लावून दिला होता तो हात गेला.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांस अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले आणि त्यांत भीमरावांची निवड झाली. तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी, असा करार झाला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्क शहरी पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला.

पहिले दिवस सुखाचे गेले असे नव्हे. आरंभी ते विद्यापीठाच्या एका वसतिगृहात राहिले, परंतु तेथील अन्न त्यांना मानवले नाही. म्हणून ते दुसरीकडे हिंदी विद्यार्थ्यांच्या सोबतीत गेले, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल नामक वसतिगृहात स्थिरावले. परका देश, परके अन्न, परकी थंडी. हे सर्व प्रत्येक नवागतास भोगावे लागते. परंतु ह्या परकेपणाच्या आत भीमरावांस एक अननुभूत गोष्ट सापडली. येथे कोणी त्यांना कोठे बसावे हे सांगत नव्हते. सर्वांबरोबर एकाच मेजावर जेवावे, त्याच नळाचे पाणी प्यावे, ग्रंथालयात हवे ते पुस्तक मागावे, प्राध्यापकांशी वाद करावा, आणि कोणी जात विचारू नये! वयाच्या बाविसाव्या वर्षी, आपल्या घरापासून हजारो मैलांवर, आपण इतरांसारखेच एक मनुष्य आहोत असा दिवसभराचा अनुभव त्यांस प्रथमच मिळाला. वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती होता. त्या दोघांची मैत्री जन्मभर टिकली.

मोकळेपणाचे पहिले काही महिने मित्रमंडळीत हिंडण्या-फिरण्यातही गेले. परंतु लौकरच त्यांच्या मनाने उचल खाल्ली. आपण येथे कोणाच्या पैशाने आलो, मागे घरी कोण कष्ट काढीत आहे, आणि ही संधी आपल्या लाखो बांधवांपैकी कितीजणांस मिळाली आहे, ह्याचा विचार करून त्यांनी स्वतःस अभ्यासास जुंपून घेतले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ असे अभ्यासक्रम त्यांनी घेतले. त्याशिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा आरंभही केला. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशातून काही रक्कम घरी धाडावयाची आणि उरलेल्यातून, पोटास चिमटा घेऊन, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ग्रंथ विकत घ्यावयाचे, हा त्यांचा क्रम होता. लाला लजपतराय त्या काळी अमेरिकेत होते. त्यांनी ह्या बुद्धिमान तरुणास राजकीय चळवळीत ओढण्याचा यत्न केला, परंतु आपण अभ्यासासाठी आलो आहोत ह्या निश्चयापासून भीमराव ढळले नाहीत.

एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन असे थोर अध्यापक त्यांस तेथे लाभले. पुढे कित्येक वर्षांनी कोलंबियाच्या आठवणी लिहिताना, आयुष्यातील उत्तमोत्तम मित्र आपणास तेथील सहाध्यायी आणि ह्या अध्यापकांच्या रूपाने मिळाले, असे त्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे. सन १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावर निबंध लिहून ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर ह्यांच्या अभ्यासमंडळात त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर एक प्रबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध हेच जातिसंस्थेचे मूळ होय, असे त्यांनी त्यात साधार प्रतिपादन केले.

ह्या प्रसंगाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. परक्या ठिकाणी गेलेला तरुण पुष्कळदा आपले मूळ लपवितो. आपले गाव कोणते, घरी कोणती भाषा बोलतात, बाप काय काम करतो, हे विचारू नये असे त्याला वाटते. भीमरावांनी तसे केले नाही. गोणपाटावर बसलेल्या मुलाने जे सोसले होते तेच त्यांनी विद्यापीठापुढे अभ्यासाचा विषय म्हणून मांडले; रडगाणे म्हणून नव्हे, तर शास्त्र म्हणून. त्या विद्वत्सभेत त्यांस जे स्थान मिळाले ते मूळ विसरल्यामुळे नव्हे, तर ते नीट समजून घेतल्यामुळे मिळाले.

१९१६ साली ते लंडनला गेले आणि अर्थशास्त्राच्या सुप्रसिद्ध विद्यालयात व ग्रेज इन येथे त्यांनी नाव नोंदविले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांस स्वदेशी परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व पुस्तके ज्या जहाजातून येत होती ते शत्रूने बुडविले. पुस्तके गेली, परंतु त्याहून मोठा आघात पुढे होता.

करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. दोन विद्यापीठांत शिकून आलेल्या ह्या विद्वानास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव नोंदवून, ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांस घेरले आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडण्यास बजाविले. शहरात त्यांच्या ओळखीचे दोन मित्र होते. एक हिंदू होता. त्याने आपले नोकर घर सोडून जातील अशी अडचण सांगितली. दुसरा हिंदी ख्रिस्ती होता. त्याने पत्नी गावाहून आल्यावर तिला विचारून सांगतो असे उत्तर दिले. ते घराणे मूळचे ब्राह्मण होते. पतीचे विचार पालटले होते, पण पत्नीच्या मनातील विटाळ गेला नव्हता, आणि म्हणूनच ते उत्तर नकाराचेच होते, हे भीमरावांस मागाहून कळले. मी स्वतः ख्रिस्ती शिक्षक आहे. हा भाग लिहिताना माझी मान खाली जाते. परंतु तो गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्म पालटला तरी उंबरठा पालटतोच असे नाही, ही गोष्ट आम्हां मंडळींनी स्मरणात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत भीमराव बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिले, आणि मग मुंबईस परतले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आरंभी मुलांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. परंतु थोड्याच काळात त्यांची व्याख्याने ऐकण्यास दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थीही येऊन बसू लागले. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिऊ नये, असा हट्ट काही सहकाऱ्यांनी धरला. साताऱ्याचा नळ आणि मुंबईचा माठ ह्यांच्यामध्ये अठरा वर्षांचे अंतर आणि कोलंबियाची पदवी होती. रूढीला त्या दोहोंचे काहीच वाटले नाही.

काटकसरीने पैसा साठवून, आणि मित्र नवल भथेना ह्यांनी दिलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जाचा आधार घेऊन, १९२० साली ते पुनः लंडनला गेले. पारशी विश्रामगृहाने त्यांस हाकलले आणि पारशी मित्राने त्यांस उभे केले. कोणत्याही समाजाविषयी सरसकट मत बनवू नये हा धडा ह्याहून स्पष्ट कोठे मिळणार? लंडनमध्ये त्यांनी अक्षरशः अर्धपोटी दिवस काढले. सकाळी पावाचा एखादा तुकडा खाऊन ते ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयाच्या दारात उभे राहत आणि ते बंद होईपर्यंत टिपणे काढीत बसत. इकडे मुंबईत त्यांची पत्नी रमाबाई अत्यंत ओढगस्तीत संसार चालवीत होत्या. पालकवर्गास हे वेगळे सांगावयास नकोच. मुलाच्या पदवीत घरच्यांच्या उपासाचा वाटा केवढा असतो हे त्यांस ठाऊक आहे. १९२१ मध्ये ते एम. एससी. झाले, बॅरिस्टर झाले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाबद्दल लंडन विद्यापीठाने त्यांस डी. एससी. ही श्रेष्ठ पदवी दिली. कोलंबियाची पीएच. डी. त्यांस १९२७ मध्ये रीतसर मिळाली. आणि १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांस सन्मानपूर्वक बोलावून कायद्याची सन्माननीय पदवी अर्पण केली.

इतके शिकल्यावर परदेशात सुखाने राहणे त्यांस अशक्य नव्हते. परंतु जो आपलेपणा आपणास परमुलखात मिळाला तो आपल्या देशातील मुलांस येथेच मिळाला पाहिजे, असे त्यांनी मनात धरले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ साली सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. तिच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेस दुसरे महाविद्यालय निघाले, जे मिलिंद महाविद्यालय ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ह्या संस्थांची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांस उघडी होती. ज्यांना वर्गाच्या कोपऱ्यात बसविले होते त्यांनी इतरांसाठी संपूर्ण वर्ग उभारले.

त्यांच्या चरित्राशी आपल्या नगराचाही धागा जुळलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, ते चंद्रपुरास आले. तेव्हा ह्या शहरास चांदा म्हणत. प्रकृती खालावलेली असतानाही त्यांनी येथे जमलेल्या अफाट जनसमुदायास दीक्षा दिली. पुढे दोन महिनेही लोटले नाहीत तोच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे महानिर्वाण झाले. येथील दीक्षाभूमीच्या आवारात त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. आपल्या ह्या जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठही २०११ साली गडचिरोलीत स्थापन झाले. ज्या मुलांस पूर्वी विद्यापीठ म्हणजे दूरच्या शहरातील दगडी इमारत वाटे, त्यांच्या दाराशी ते आता आले आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून काय घ्यावयाचे? पुष्कळांस वाटते की पदवी मिळाली म्हणजे मान आपोआप मिळतो. भीमरावांच्या पदव्या माठापाशी थिट्या पडल्या, हे आपण पाहिले. विद्येने त्यांचे सामर्थ्य वाढविले, परंतु आपलेपणा हा माणसांनी माणसांस द्यावयाचा असतो. त्यांच्या विद्यार्थिदशेत तो कोणी दिला? एका शिक्षकाने पुस्तकाच्या रूपाने दिला, एका प्राध्यापकाने अंगावरच्या कपड्याच्या रूपाने दिला, एका खोलीसोबत्याने उसन्या पैशाच्या रूपाने दिला. ह्यांतील कोणतीही गोष्ट फार अवघड नव्हती.

तेव्हा तुमच्यापैकी जे पुढल्या जूनमध्ये नव्या ठिकाणी जातील त्यांनी आपले गाव आणि आपली बोली ह्यांची लाज बाळगू नये, अभ्यासात कसूर करू नये, आणि पहिल्या काही महिन्यांच्या परकेपणाने खचून माघारी फिरू नये. जे आधीपासून तेथे रुळलेले आहेत त्यांनी जेवणाच्या वेळी मान वर करून पाहावे, कोणी एकटा उभा आहे काय, आणि सरकून जागा करावी. आम्ही शिक्षकांनी आपल्या शाळेच्या माठाकडे आणि शेवटच्या बाकाकडे अधूनमधून पाहत जावे. आपल्या शिकवण्याची खरी परीक्षा तेथे होत असते.